घरी बटेर पाळायचेत? पक्षी निवांत असेल तरच अंडी चांगली येतात

बटेर पाळायचं म्हटलं की बहुतेक जण कोंबडीचाच हिशेब लावतात, खुराडं जरा लहान करायचं, तेच खाद्य टाकायचं, झालं काम. आणि मग दोन महिन्यांनी विचारत बसतात की अंडी का नाहीत, पाठ उघडी का पडली, डोक्याला जखम कशी झाली. बटेर कोंबडीच्याच कुळातला आहे हे खरं, पण हा जमिनीवर गवतात लपून राहणारा पक्षी, वरून घार आणि खालून साप-उंदीर-मांजर, सगळ्यांचाच तो घास, त्यामुळे भीती त्याच्या अंगातच भिनलेली असते. एवढं एक डोक्यात पक्कं ठेवलं ना की पिंजरा केवढा, गर्दी किती, लाईट किती हे सगळं नीट कळत जातं.

इथे मी फक्त जपानी बटेराबद्दल बोलतोय, म्हणजे जपानी लावा, कारण घरी अंड्यांसाठी हाच पाळतात. रानातले लावे पकडून आणायचा विचारही करू नका, ते पिंजऱ्यात झुरतात, अंडीही नीट देत नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच बंदी आहे. पाळीव बटेरांचे नियमसुद्धा जागेप्रमाणे बदलतात, तेव्हा तुमच्याकडे काय चालतं ते पक्षी आणायच्या आधी विचारून घ्या.

आता या पक्ष्याचा वेग बघा. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा ६ ते ८ ग्रॅमचं असतं आणि सहा-आठ आठवड्यांत मादी स्वतः अंडी द्यायला लागते. पूर्ण वाढलेला पक्षी साधारण १५० ते २०० ग्रॅमचा, जम्बो म्हणून जे मिळतात ते ३०० च्याही पुढे जातात. अंडं १० ते १२ ग्रॅमचं, आणि नीट सांभाळलेली मादी वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. म्हणजे एकेका अंड्यातून स्वतःच्या वजनाच्या सहा-सात टक्के माल ती बाहेर टाकते, कोंबडीचं हेच प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. एवढं काम ते इवलंसं शरीर करतंय म्हटल्यावर खाण्यात कंजूषी करून चालत नाही, त्यावर पुढे सविस्तर सांगतो.

किती पक्षी घ्यायचे? फक्त खायला अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही, नुसत्या माद्या ठेवा, अंडी तशीच येतात फक्त त्यातून पिल्लू होत नाही. पिल्लं काढायची असतील तर तीन-चार माद्यांमागे एक नर पुरे. नर जास्त झाले की ते माद्यांच्या डोक्याची आणि पाठीची पिसं उपटतात, आपसात रक्त निघेपर्यंत भांडतात, आणि मादी सतत दबकून राहिली की तिचं अंडं पहिलं थांबतं. नर-मादी ओळखणं साध्या तपकिरी रंगात सोपं आहे, तीन आठवड्यांनंतर नराची छाती एकसारखी तांबूस दिसायला लागते आणि मादीच्या छातीवर काळे ठिपके येतात. पांढऱ्या पक्ष्यांत हे चालत नाही, तिथे मोठं होईपर्यंत थांबायचं आणि शेपटीखाली बघायचं, वयात आलेल्या नराच्या गुदद्वाराच्या वर फुगीर गाठ असते आणि ती हलकेच दाबली की साबणासारखा पांढरा फेस येतो. तो फेस नॉर्मल आहे, आजार नाही. आवाजाचं म्हणाल तर माद्या बारीक गुणगुणतात, नर मात्र कर्कश ओरडतो, कोंबड्याएवढा मोठा नाही पण रात्री लाईट चालू राहिला तर रात्रीही ओरडेल, तेव्हा भिंतीला भिंत लागून शेजारी असतील तर याचा आधी विचार करा.

पिंजरा, आणि त्याची उंची

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बटेर घाबरला की पळत नाही, सरळ वर उसळी मारतो, उभाच्या उभा, रॉकेटसारखा. पिंजरा दोन-तीन फूट उंच असेल तर त्याला वेग घ्यायला पुरेशी जागा मिळते आणि डोकं जाळीवर आपटून कातडी सोलून निघते, कधी मान मोडून जागीच मरतो. म्हणून उंची एकतर कमी ठेवा, २५ ते ३० सेंटीमीटर, म्हणजे उसळीला जोरच मिळत नाही, नाहीतर मग माणूस उभा राहील एवढं मोठं, सहा फुटांच्या वरचं जाळीघर करा आणि वर मऊ नेट ताणा. मधली उंची नको. आधीच उंच पिंजरा घेऊन बसला असाल तर छताच्या खाली जाड कापड किंवा फोम लावून घ्या, तोपर्यंत तेवढं तरी.

जागा किती? मोठ्या फार्मवर एका पक्ष्याला १५०-२०० चौरस सेंटीमीटर देतात, म्हणजे तळहाताएवढी जागा, पण घरी आपल्याला ती घाई नाही, एका पक्ष्याला एक चौरस फूट धरा. गर्दी कमी असली की चोची मारणं, पिसं उपटणं हे निम्मं तिथेच मिटतं, आणि नंतर औषधं शोधत फिरावं लागत नाही.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली, मजबूत तारेची. कोंबडीची ती षटकोनी पातळ जाळी वापरू नका, उंदीर त्यातून आत येतो आणि मांजर पंजा घालून पक्ष्याचं डोकं ओढतं. उंदीर हा बटेराचा रात्रीचा मोठा शत्रू आहे, अंडी नेतो, पिल्लं नेतो, झोपलेल्या मोठ्या पक्ष्याचे पायसुद्धा कुरतडतो. खाद्य रात्री झाकणाच्या डब्यात ठेवायचं, सांडलेलं उचलायचं, म्हणजे तो येणारच नाही.

तळ जाळीचा की भरीव यावर लोक भांडतात. जाळीच्या तळाचा फायदा हा की विष्ठा खाली ट्रेमध्ये पडते, पक्षी तिच्यापासून लांब राहतो, आतड्यांचे आजार कमी होतात, आणि तळाला थोडा उतार दिला तर अंडं घरंगळत पुढे येऊन स्वच्छ राहतं. तोटा हा की सतत तारेवर उभं राहून तळव्यांना घट्टे पडतात, जखमा होतात. मला विचाराल तर जाळीचा तळ ठेवा पण एका कोपऱ्यात पुठ्ठा, रबरी मॅट किंवा लाकडी फळी टाका, पाय टेकायला जागा हवी. तळ पूर्ण भरीव ठेवायचा तर लाकडाचा भुसा किंवा साळीचा तूस दोन इंच जाड टाका आणि ओला झालेला भाग त्याच दिवशी काढा, यात आळस चालत नाही.

आणि धुळीचं भांडं! हे कितीतरी जण देतच नाहीत. एक पसरट डबा, त्यात कोरडी बारीक वाळू किंवा माती, थोडी लाकडाची राख मिसळली तर उत्तम. आठवड्यात दोन-तीनदा दिला तरी चालतं. डबा आत सरकवला की एकेक येऊन त्यात लोळतो, पंखाखाली माती उडवतो, एक पाय ताणून डोळे अर्धवट मिटून पडून राहतो. त्याने पिसांतले किडे-उवा कमी होतात आणि पक्षी शांत होतो, कुठल्याही टॉनिकपेक्षा हे जास्त उपयोगी आहे असं माझं ठाम मत आहे. कायम आत ठेवू नका मात्र, कारण माद्या त्यातच अंडी घालून पुरून ठेवतात.

पिंजरा अशा जागी ठेवा जिथे कुत्रं-मांजर समोर येऊन बसत नाही, एका बाजूने तरी भिंत आहे, थेट ऊन आणि पावसाची झड नाही पण हवा खेळती आहे. आत एक कोपरा झाकलेला हवा, लपायला, एखादं आडवं ठेवलेलं खोकं किंवा डहाळ्या. बटेर कोरडा असेल तर थंडी बऱ्यापैकी सोसतो, ओलावा आणि अंगावर सरळ येणारा गार वारा मात्र सोसत नाही. उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर गेला की चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागतो, तेव्हा सावली, दिवसातून दोनदा गार पाणी, बाजूला ओलं गोणपाट टांगायचं आणि खाद्य सकाळी लवकर नि संध्याकाळी. दार लहान ठेवा, हात जाईल एवढंच, वरून उघडणारं तर नकोच. बटेर एकदा निसटला की परत घरी येत नाही, कोंबडीसारखं संध्याकाळी खुराड्यात परतायचं त्याच्या डोक्यात नसतं.

खाद्य

कोंबडीच्या लेयर फीडमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात, साधारण १६-१८ टक्के प्रोटीन असतं, बटेराला ते कमी पडतं. पिल्लांना पहिले सहा आठवडे २४ टक्क्यांच्या आसपास हवं, थोडं जास्त असलं तरी चालेल, आणि अंडी देणाऱ्या मादीला २० टक्के. बटेराचं वेगळं फीड मिळालं तर तेच घ्या, नाही मिळालं तर टर्की किंवा गेम बर्डचं (तितर-बटेरासारख्या पक्ष्यांचं) स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, चालतं. तेही नसेल तर ब्रॉयलरचं स्टार्टर सुरुवातीला वापरतात, प्रोटीन किती ते पोत्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. मोठा दाणा पिल्लांच्या चोचीत जात नाही, मिक्सरला फिरवून बारीक रव्यासारखा करा. एक मोठा पक्षी दिवसाला २० ते २५ ग्रॅम खातो, भर अंड्यावरची मादी त्याहून थोडं जास्त.

कॅल्शियमचं नीट समजून घ्या. अंड्यावर आलेल्या मादीच्या खाद्यात अडीच ते साडेतीन टक्के कॅल्शियम लागतं, ते कमी पडलं की कवच पातळ होतं, मग नुसत्या पापुद्र्यातलं मऊ अंडं येतं, आणि शेवटी अंडं आत अडकून मादी दगावते. पण तेच लेयर फीड लहान पिल्लांना दिलं तर त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून अंडी सुरू व्हायच्या सुमारालाच बदल करायचा. सोपा उपाय म्हणजे शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा, जिला लागेल ती खाईल, नर ढुंकूनही बघत नाही. अंड्याची टरफलं वापरायची तर भाजून बारीक कुटून, ओळखू येणार नाहीत अशी, नाहीतर अंडी फोडून खायची सवय लागू शकते.

हिरवा पाला, बाजरी, अळ्या-किडे हे सगळं आवडीने खातात पण ते वरचं खाणं, दिवसाच्या खाद्याचा दहावा हिस्सा, बास. पाल्यामुळे बलकाचा रंग गडद येतो. अॅव्होकाडो आणि चॉकलेट पक्ष्यांना विषारी असतात, चुकूनही नको. आणि बुरशी आलेलं, वास येणारं फीड स्वस्त म्हणून घेऊ नका, बुरशीच्या विषाने लिव्हर खराब होतं आणि त्यावर काही इलाज नाही. एकदम मोठं पोतं भरण्यापेक्षा महिनाभरात संपेल एवढंच आणा.

पाणी कायम हवं, खाद्याच्या साधारण दुप्पट पितात, भांडं रोज घासून धुवायचं. फीडर उथळ असेल तर अर्धं फीड उधळतात, तोंड तेवढं आत जाईल अशी भोकं असलेला डबा चांगला.

लाईटचं गणित

अंडी अचानक कमी झाली आणि पक्षी तर धडधाकट दिसतायत, तर आधी दिवस लहान झालाय का ते बघा. मादीला अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो, दिवस १२ तासांच्या खाली गेला की अंडी घसरतात. मग एक लहान एलईडी आणि टायमर लावायचा, सूर्योदयाआधी थोडा आणि मावळल्यावर थोडा, आणि रोज पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं, एकदम चार तास वाढवायचे नाहीत. बल्ब मंद हवा, डोळ्यांवर येणारा प्रखर उजेड असला की एकमेकांना चोची मारतात. रात्रभर लाईट ठेवून अंडी वाढत नाहीत, रात्रीची झोप त्यांनाही लागतेच. थंडीत काही जण मुद्दाम लाईट लावत नाहीत, माद्यांना दोन-तीन महिने विश्रांती मिळू देतात, तेही योग्यच आहे, अंडी विकायची नसतील तर मी तेच सुचवेन.

पिल्लं काढायची असतील तर

पाळीव बटेर मादी पिंजऱ्यात क्वचितच खुडूक बसते, पिढ्यानपिढ्या तो गुण मागे पडलाय, त्यामुळे इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन, लागतंच. उबवायची अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, निमुळतं टोक खाली करून थंड खोलीत ठेवलेली घ्या. पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश, आर्द्रता पहिले १४ दिवस ५० टक्क्यांच्या आसपास आणि अंडी रोज तीन-चार वेळा फिरवायची, १५व्या दिवसापासून फिरवणं बंद आणि आर्द्रता ६५-७० पर्यंत न्यायची. १७-१८ दिवसांत पिल्लं निघतात. दिवस कमी आणि अंडं लहान, म्हणून तर १९९० साली मीर अंतराळ स्थानकावर पिल्लं काढायला बटेराचीच अंडी नेली होती. फुटायला लागली की झाकण उघडायचा मोह आवरा, आर्द्रता पडली की पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि ते आत अडकतं. पोटातल्या बलकावर पिल्लू एक दिवस सहज काढतं, पूर्ण सुकून फुललं की मगच बाहेर काढा.

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायच्या खोक्यात, पहिला आठवडा ३५-३७ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, तीन-चार आठवड्यांत पिसं भरली की उष्णतेची गरज संपते. थर्मामीटर ठेवाच पण खरं पिल्लं सांगतात, एकमेकांवर ढीग करून ओरडत असतील तर गारठलीत, कडेला जाऊन चोची उघड्या टाकून पडली असतील तर उकडतंय, आणि सगळीकडे पसरून खात-झोपत असतील तर बरोबर आहे. खाली नुसता वर्तमानपत्राचा कागद घालू नका, त्यावर पाय घसरून फाकतात आणि कायमचे तसेच राहतात, गोणपाट किंवा खरखरीत कापड घाला. पाण्याचं भांडं झाकणाएवढं उथळ आणि त्यात गोट्या किंवा खडे, कारण एवढीशी पिल्लं अर्ध्या इंच पाण्यात बुडून मरतात, हे ऐकून खोटं वाटतं पण अगदी खरं आहे. दिवा टांगला असेल तर तो साखळीने पक्का बांधा, भुशात पडला तर आग लागते.

रोज बघायच्या गोष्टी

बटेर आजारपण लपवतो, दिसायला लागला म्हणजे बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक पक्षी हातात घ्या. पंख अंगाला मिटवून, पाठीवरून अलगद धरायचा, डोकं दोन बोटांच्या मधून बाहेर. आता छातीच्या मधल्या हाडावरून अंगठा फिरवा, दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक, हाड धारेसारखं टोचलं तर पक्षी वाळतोय, मग तो पिसं फुगवून कितीही गोल दिसत असो. मग बोटं बघा. विष्ठा आणि भुसा मिळून नखांवर घट्ट गोळे जमतात, ते ओढून काढले तर नखासकट येतात, त्यापेक्षा कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय धरून ठेवा, गोळा आपोआप सुटतो. तळव्यावर काळी खपली किंवा सूज असेल तर ती जखम आहे, साफ करा आणि तळ मऊ करा. डोळे, नाक, शेपटीखालची पिसं, एवढं बघायला एका पक्ष्याला मिनिटही लागत नाही.

पाणचट पांढरी विष्ठा, मान आखडून कोपऱ्यात बसणं, खाणं बंद, अशी लक्षणं एकाहून जास्त पक्ष्यांत दिसली तर वाट बघू नका. बटेरांत अल्सरेटिव्ह एन्टरायटिस नावाचा आतड्याचा रोग येतो, क्लॉस्ट्रिडियम कोलिनम या जीवाणूमुळे, विष्ठेतून पसरतो आणि भराभर मारतो. कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी पण असाच विष्ठेतून येतो. आजारी पक्षी लगेच वेगळा करा आणि पशुवैद्याला दाखवा, दुकानातून अंदाजाने अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकू नका, शिवाय औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हे डॉक्टरांकडूनच विचारून घ्या. कोंबड्या असतील तर बटेर त्यांच्यापासून लांब, कारण त्यांचे श्वासाचे आजार यांना लागतात. ट्रे रोज, फार तर दोन दिवसांनी साफ करा, अमोनियाचा वास तुमच्या नाकाला झोंबतोय म्हणजे त्यांच्या फुप्फुसाला केव्हाचा झोंबतोय. विष्ठा उत्तम खत आहे पण ताजी झाडाला घालू नका, मुळं जळतात, आधी कुजवा. पक्षी हाताळल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच.

अंडी

कोंबडी बहुतेक सकाळी अंडं देते, बटेर दुपारनंतर ते अंधार पडेपर्यंत. त्यामुळे सकाळी पिंजरा रिकामा बघून निराश होऊ नका, संध्याकाळी गोळा करा. घरटं शोधत बसत नाहीत, जिथे उभ्या तिथे टाकतात. सुरुवातीचे एक-दोन आठवडे अंडी वाकडीतिकडी, लहान, कधी बिनकवचाची येतात, ते सावरतं.

प्रत्येक मादीची नक्षी थोडी वेगळी असते आणि ती बरीचशी कायम राहते, काही दिवस लक्ष दिलं की अंडं बघून कोणाचं ते ओळखता येतं, आणि मग त्याचा उपयोगही होतो. कवचावरचा रंग अंडं बाहेर यायच्या शेवटच्या काही तासांत चढतो, त्या वेळात मादी घाबरली तर नक्षी पुसट होते किंवा वर चुन्यासारखा पांढरा थर येतो. एखाद्या दिवशी असं झालं तर सोडून द्या, पण रोज तिचंच अंडं फिकं किंवा खरखरीत यायला लागलं तर काहीतरी बिनसलंय, नर मागे लागलाय का, रात्री उंदीर फिरतोय का, शिंपल्याची वाटी रिकामी आहे का हे बघा.

अंडी लगेच धुवू नका, कवचावर एक नैसर्गिक आवरण असतं ते निघून जातं, घाण असेल तर कोरड्या कापडाने पुसा आणि निमुळतं टोक खाली करून फ्रिजमध्ये ठेवा. किती जुनं आहे शंका आली तर पाण्यात टाका, ताजं तळाशी आडवं बसतं, तरंगलं तर फेकून द्या. चार-पाच बटेर अंडी म्हणजे एक कोंबडीचं अंडं असा हिशेब. फोडताना आतला पापुद्रा चिवट असतो, आपटून चुरा होतो, त्यापेक्षा लहान कात्रीने बोथट टोकाची टोपी कापा. पौष्टिक आहेत, पण अमुक रोग बरा होतो, तमुक बरं होतं असं जे फिरत असतं त्यावर विश्वास ठेवू नका, आणि ज्यांना कोंबडीच्या अंड्याची अॅलर्जी आहे त्यांना याचीही येऊ शकते. कच्ची कोणालाच देऊ नका.

बटेराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, आणि पहिल्या वर्षानंतर अंडी कमी व्हायला लागतात. सतत अंडी हवी असतील तर जुन्या माद्या सात-आठ महिन्यांच्या झाल्या की पुढच्या पिल्लांची तयारी सुरू करा. नव्यांना जुन्यांच्या पिंजऱ्यात एकेक करून सोडू नका, सगळे मिळून तिला मारतात. आधी आठवडाभर शेजारी शेजारी ठेवा, मग पिंजरा पूर्ण धुऊन, फीडर आणि लपायचं खोकं वेगळ्या जागी ठेवून, नव्या-जुन्या सगळ्यांना एकाच वेळी आत सोडा, तेही संध्याकाळी, अंधार पडायच्या थोडं आधी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एक नजर तिकडेच टाका.